घरोघरी छोटी नगरपालिका: श्रीमंत देशात जे काम यंत्रणा करते, ते आपल्याकडे घराला का करावं लागतं?

कोरा_कागद:
श्रीमंत देश आणि विकसनशील देश यांची तुलना निघाली की बोलणं पगार, रस्ते, स्वच्छता एवढ्यावर येऊन थांबतं. मला जरा वेगळ्या अंगाने विचारायचंय. भारतातल्या मध्यमवर्गीय घरातल्या वस्तू मोजा: जमिनीखालचा हौद, मोटर, गच्चीवरची टाकी, तिच्यातला बॉलकॉक, आरओ, इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, फ्रिजचा नि एसीचा स्टॅबिलायझर. आता जर्मनीतलं किंवा जपानमधलं भाड्याचं साधं घर घ्या. यातलं जवळपास काहीच तिथे सापडत नाही. पाणी साठवणं, त्याला दाब देणं, ते शुद्ध करणं, वीज साठवणं आणि व्होल्टेज सांभाळणं ही पाचही कामं तिथे उंबऱ्याबाहेर कुणीतरी करतं. आपल्याकडे प्रत्येक घर स्वतःपुरती एक नगरपालिका आणि एक वीज मंडळ चालवतं.

रोजच्या जगण्यातला मोठा फरक मला इथे दिसतो. घरात पैसा आला म्हणून हे काम सुटत नाही, उलट यंत्रं वाढतात. तर प्रश्न असा: हे काम घरावर येऊन पडतं कशामुळे, आणि ते परत यंत्रणेकडे जाऊ शकतं का? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

जलसंधी:
चांगला धागा. पाण्यापुरतं लिहितो.

हौद, मोटर, टाकी, आरओ या सगळ्यांचं मूळ एकच आहे: ठरावीक वेळेला येणारं पाणी. दिवसभराचं पाणी दोन तासांत द्यायचं म्हणजे वाहिनीतून सरासरीच्या बारा पट प्रवाह न्यावा लागतो. वाहिन्या आखताना सरासरीच्या दोन-तीन पट प्रवाह धरलेला असतो. त्यामुळे पाण्याच्या टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी आणि टोकाच्या घरांना करंगळीएवढी धार. मग टोकाचा माणूस थेट नळाला टुल्लू पंप जोडतो. पंप ओढायला लागला की तेवढ्या टप्प्यात वाहिनीतला दाब शून्याच्या खाली जातो आणि जिथे सांधा सैल आहे तिथून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. शेजारून गटार जात असेल तर काय आत येतं हे सांगायला नको. पाणी गेल्यावर वाहिनी रिकामी होते तेव्हाही हेच घडतं. पाणी आल्याआल्या पहिली काही मिनिटं गढूळ येतं त्याचं हेही एक कारण.

म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून बहुतेक वेळा चांगलं निघालेलं पाणी वाटेत बिघडतं, आणि वाटेतला बिघाड दुरुस्त करायला घरोघरी आरओ लागतो. पाईप सतत भरलेला आणि दाबाखाली असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाईल, पण बाहेरची घाण आत येणार नाही. चोवीस तास पाण्याचा सगळ्यात मोठा फायदा सोय हा नसून हा आहे.

तिसरा_मजला:
पण चोवीस तास सोडलं तर पाणी पुरणार कसं? म्हणूनच तर वेळा ठरवतात ना?

जलसंधी:
@तिसरा_मजला, हा समज इतका पक्का झालाय की नगरसेवकही तेच सांगतात. शहरी योजना दरडोई दररोज १३५ लिटर धरून आखतात; तास कमी केले म्हणून त्यातलं पाणी वाचत नाही, उलट वाया जातं. वेळेचं पाणी असलं की नळ उघडे सोडले जातात, भांडी भरून वाहतात आणि नवं पाणी आलं की कालचं ओतून देतात. उघडा नळ, फुटका फेरूल (वाहिनीतून घराची जोडणी जिथे निघते तो तुकडा), सडलेली घरजोडणी यातून गेलेलं पाणी कुणाच्या हिशेबात येत नाही.

करायचं ते या क्रमाने करतात. आधी शहराचे छोटे विभाग पाडायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक मोठा मीटर. मग रात्री २ ते ४ या वेळात त्या मीटरमधून किती पाणी जातं ते बघायचं. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, तेव्हा जे वाहतं त्यातलं बरंचसं गळतीचं. गळती मोठ्या वाहिनीत कमी आणि रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीत जास्त सापडते, म्हणून घरजोडण्या बदलायच्या. मग प्रत्येक घराला मीटर आणि वापर वाढेल तसा वाढता दर. या चार गोष्टी झाल्या की मगच पुरवठ्याचे तास वाढवायचे. क्रम उलटा केला, म्हणजे आधी चोवीस तास पाणी सोडून नंतर मीटर लावायला गेलात, तर योजना बसलीच म्हणून समजा.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह बघा. १९९३ मध्ये तिथे ७२ टक्के पाणी गळतीत नि चोरीत जात होतं आणि दिवसातून दहाएक तास पुरवठा होता. एक सॉन चान (‘एक’ हे आडनाव) यांनी तिथल्या पाणीपुरवठ्याचा कारभार हातात घेतल्यावर साधारण दीड दशकात तोटा ६ टक्क्यांच्या आसपास आला आणि पाणी चोवीस तास झालं. त्यांना २००६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कंबोडिया काही श्रीमंत देश नाही. आपल्याकडे पुरीत जुलै २०२१ पासून थेट नळाचं पाणी पिण्याची योजना आहे, आणि कराडजवळच्या मलकापूरने मीटर नि टप्प्याटप्प्याचे दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. तेव्हा धाग्यातल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझं उत्तर: हो, जाऊ शकतं.

मीटरवाचक:
+१. एक भर घालतो. वेळेच्या पाण्यात मीटर नीट चालत नाही हेही लोकांना माहीत नसतं. पाणी येण्याआधी रिकाम्या वाहिनीतली हवा जोरात ढकलली जाते आणि मीटरचा पंखा हवेवरही फिरतो. बिल हवेचंही येतं. लोक म्हणतात मीटर पळतो, आणि ते खोटं नसतं. त्यात पहिल्या गढूळ पाण्यातली रेती जाळीत अडकते, जाळी तुंबली की धार कमी होते, मग प्लंबर जाळीच काढून टाकतो आणि वर्षभरात मीटर जाम. बसवताना मीटर आडवा, वरचं तोंड आकाशाकडे आणि दोन्ही बाजूंच्या पाईपपेक्षा थोडा खालच्या पातळीवर हवा, म्हणजे तो सतत भरलेला राहतो. भिंतीला उभा ठोकलेला मीटर कमी वाचतो.

दूरदेशी:
मूळ मांडणी अर्धीच पटली. जर्मनी-जपानची भाड्याची घरं घेतलीत म्हणून चित्र इतकं स्वच्छ दिसतंय. अमेरिकेतलं स्वतःचं घर घ्या.

तिथे सुमारे १५ टक्के लोक खाजगी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पितात. त्या पाण्यावर केंद्रीय पर्यावरण खात्याचे पेयजलाचे नियम लागूच होत नाहीत. दर वर्षी कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेटची तपासणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. पाचांतल्या एकाहून जास्त घरांचं सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं, ती दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. शहराचं पाणी असलं तरी गरम पाण्याच्या टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दर तीनेक वर्षांनी तपासायचा. तो झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. तो संपला की टाकी गंजायला लागते. नळाचा दाब ८० पीएसआयच्या (तिथलं दाबाचं एकक) वर गेला तर दाब कमी करणारी झडप बसवायची. थंडी पडण्याआधी बाहेरच्या नळाची आतली चावी बंद करून पाईप रिकामा करायचा, नाहीतर आतलं पाणी गोठून फुगतं आणि पाईप फुटतो. फुटलेला पाईप बर्फ वितळल्यावर गळायला लागतो, तोवर कळतही नाही. म्हणून घरात राहायला आल्यावर पहिल्या दिवशी मुख्य चावी कुठे आहे ते शोधून ठेवतात.

आणि यंत्रणेवर डोळे झाकून विसंबलं की काय होतं ते मिशिगनमधल्या फ्लिंटने दाखवलं. एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक फॉस्फेट घालायचं राहिलं, आणि जुन्या शिशाच्या जोडण्यांतून शिसं पाण्यात उतरलं. शिसं उकळून जात नाही हे इथे मुद्दाम लिहितो. पाणी आटतं आणि शिशाचं प्रमाण उलट वाढतं. जुन्या घरात सहा तासांहून जास्त वेळ पाईपमध्ये थांबलेलं पाणी आधी वाहू द्यायचं, आणि पिण्या-रांधण्यासाठी फक्त थंड नळाचं घ्यायचं.

पानगळ:
जर्मनीबद्दल पुस्ती. तिथेही काम आहे, पण ते कुणाचं हे कायद्याने ठरलेलं आहे. मोठी मध्यवर्ती गरम पाण्याची टाकी असलेल्या भाड्याच्या इमारतीत दर तीन वर्षांनी लिजिओनेला जंतूची तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. टाकीतून निघणारं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवतात. वीज वाचवायला तापमान ४५ वर आणलं तर जंतूंना अगदी मानवेल असं होतं. भाडेकरूला यातलं काही करावं लागत नाही, म्हणून त्याच्या घरात ते दिसत नाही.

कोरा_कागद:
@दूरदेशी, मान्य. "घराबाहेर कुणीतरी करतं" हे मी सरसकट लिहायला नको होतं. तरी एक फरक उरतोच. तुम्ही सांगितलेली बहुतेक कामं वर्षातून एकदा किंवा तीन वर्षांतून एकदा येतात. आपल्याकडचं पाणी भरणं रोजचं आहे.

शेवंती:
रोजचं आहे, आणि ते कोण करतं हेही लिहायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७. पाणी पहाटे साडेचारला येणार असेल तर घरात कुणीतरी साडेचारला उठतं. इथे "घर करतं" असं वाचताना मला ते वारंवार खटकतंय. घर काही करत नाही, घरातलं माणूस करतं.

आणि एक विचारायचंय. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर किती घालायची याचं नेमकं प्रमाण कुणीच सांगत नाही. मूठभर घाला म्हणतात. कुणाची मूठ?

जलसंधी:
@शेवंतीताई, मुद्दा शंभर टक्के खरा. यापुढे जपून लिहीन.

प्रमाण सांगतो. दोन वेगळी कामं आहेत, त्यांची गल्लत करू नका.

टाकी निर्जंतुक करायला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. १००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १५० ग्रॅम. ५ टक्क्यांचं द्रव हायपोक्लोराइट असेल तर १ लिटर. आधी टाकी रिकामी करून भिंती नि तळ ब्रशने घासा, गाळ तळाच्या चावीतून बाहेर काढा. तो घरातल्या नळांकडे जाऊ देऊ नका, तोट्यांच्या जाळ्या तुंबतात. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओता. टाकी काठोकाठ भरा. मग घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा नि बंद करा, म्हणजे पाईपही धुतले जातात. आरओची चावी तेवढी बंद ठेवा, इतकं क्लोरीन पडद्याला मारक असतं. शक्यतो २४ तास, अगदीच अडचण असेल तर निदान ८ तास तसंच ठेवून सगळं काढून टाका. हे पाणी पिऊ नका, झाडांनाही घालू नका.

रोजच्या पिण्याच्या पाण्याला मात्र १००० लिटरमागे फक्त २.५ ग्रॅम चांगली पावडर आणि तासभर थांबणं. दोन्हींत साठ पटींचा फरक आहे, म्हणून मुठीचा हिशेब धोक्याचा. पुडा फोडून ठेवलेली पावडर दमट हवेत क्लोरीन गमावते. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि धातूचा नको. पावडर कालवताना दार-खिडकी उघडी ठेवा, आणि ती ॲसिडच्या बाटलीजवळ चुकूनही नको. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

तिसरा_मजला:
आरओबद्दल कुणी सांगेल का? विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि माणूस घाबरतो.

जलसंधी:
टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस २०० असू शकतो आणि निर्मळ बोअरचा ९००. भारतीय मानक १०५०० मध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नसते, गाळणी, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतं. फक्त गढूळ पाण्यात यूव्ही कुचकामी ठरतं, कारण कणांच्या आड जंतू लपतात. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर फेकतो, आणि त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते भांड्यात दोन दिवस ठेवलं तर त्याला राखण कुणाची नाही.

ओम_चा_नियम:
आता विजेकडे वळू.

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ती फाळणी फुजी नदीच्या आसपास आजही आहे. २०११ च्या भूकंपानंतर पश्चिमेकडे वीज होती, पण वारंवारता बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता जेमतेम एका गिगावॉटच्या आसपास, म्हणून पूर्वेला पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. श्रीमंत देशातही सव्वाशे वर्षांपूर्वीचा निर्णय पुरून उरतो.

स्टॅबिलायझर का लागतो? डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबवर नेलेली वाहिनी, तिच्यावर वाढत गेलेली घरं, टोकाला १८० व्होल्ट. हे झालं कमी दाबाचं. फ्रिज-टीव्ही जळतात ते बऱ्याचदा वेगळ्या कारणाने. खांबावर न्यूट्रल तुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडतं, ज्या फेजवर भार कमी तिथे ते थेट ४०० च्या दिशेने चढतं. लाइट अचानक लखलखीत झाले तर कौतुकाने बघत बसू नका, मेन स्विच पाडा. साधा स्टॅबिलायझर हे पेलत नाही. जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण मेन बोर्डात हवं.

इन्व्हर्टरचा हिशेब. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. तिला ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नये, आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. हातात येतात साधारण ११५० वॉट-तास. चार पंखे, काही दिवे आणि राउटर मिळून ४०० वॉट धरले तर तीन तासांच्या आत खेळ संपतो. बॅटरी जुनी असेल तर त्याहून लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड कधीच नाही, उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. आरओचं पाणी ओतणारे बरेच आहेत, त्यातले क्षार प्लेटा खातात. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा बॅटरी देवघराखालच्या बंद कपाटात ठेवू नका. वर समई आणि खाली हायड्रोजन हा जोड जिवावर बेतेल.

जर्मनीत एका ग्राहकाची वर्षभरात सरासरी १२ मिनिटांच्या आसपास वीज जाते. एवढ्यासाठी कुणी बॅटरी घेणार नाही. अमेरिकेत वादळं धरून हाच आकडा तासांत जातो, आणि तिथे घराशेजारी जनरेटर दिसायला लागतात. टेक्सासची ग्रिड शेजाऱ्यांपासून जवळपास तुटलेली आहे, फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे लाखो घरं अंधारात होती. यंत्रणा किती वेळा दगा देते त्या प्रमाणात घरातली यंत्रं वाढतात. देशाचं नाव काढून टाकलं तरी हा नियम लागू पडतो.

खरा दुर्लक्षित मुद्दा सुरक्षेचा. अमेरिकेत बाथरूम नि ओट्याजवळच्या सॉकेटला ५ मिलिअँपियरच्या गळतीवर तोडणारं संरक्षण असतं. आपल्याकडे ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) मेन बोर्डात असतं, आणि ते सारखं पडतं म्हणून वायरमन सरळ वळसा घालून देतो. सारखं पडतंय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, बहुतेकदा गीझरच्या कॉइलमध्ये. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही तर ते बदला.

हिशेबनीस:
उत्तम प्रतिसाद. आता उलट बाजू मांडतो, कारण काही कामं श्रीमंत देशात घरावर आहेत आणि आपल्याकडे नाहीत. भांडी, झाडलोट, इस्त्री, रंगकाम, फर्निचर जोडणं. तिथला मध्यमवर्गीय हे स्वतः करतो, कारण माणसाचा तास महाग आहे.

का महाग आहे याचं उत्तर बेला बलास्सा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे दिलं. कारखान्यात एक कामगार यंत्राच्या जोरावर गरीब देशातल्या कामगाराच्या कितीतरी पट माल काढतो, म्हणून त्याचा पगार चढतो. न्हाव्याची कात्री दोन्हीकडे सारख्याच वेगाने चालते, पण त्याला कारखान्याच्या पगाराशी स्पर्धा करावी लागते, नाहीतर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून श्रीमंत देशात केस कापणं महाग आणि मोबाइल दोन्हीकडे साधारण सारख्याच किमतीला. पगार डॉलरमधून रुपयांत बदलून तुलना करणारे इथेच चुकतात.

दुरुस्तीचंही तेच. मिक्सरचा कपलर तुटला तर आपल्याकडे तो बदलून मिळतो. तिथे मिस्त्रीच्या अर्ध्या तासाच्या मजुरीत नवा मिक्सर येतो, मग जुना कचऱ्यात. युरोपीय महासंघाला दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०२४ मध्ये करावा लागला तो यामुळे.

काचकागद:
@हिशेबनीस, कचऱ्याचं उदाहरण तुमच्या मुद्द्याला चपखल बसतं. जपानमध्ये प्लास्टिकची बाटली टाकायची तर झाकण काढायचं, वेष्टण सोलायचं, बाटली विसळायची, चेपायची आणि ठरलेल्या वारी सकाळी ठरलेल्या जागी ठेवायची. कामिकात्सु गावात चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण करतात, आणि ते रहिवाशांनी स्वतः केंद्रावर नेऊन करायचं. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती परत हवी तर बाटली न चेपता यंत्रात घालायची. चेपली की बारकोडची पट्टी वाचता येत नाही आणि यंत्र ती थुंकतं.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीनच भाग मागितले, तेही नीट झाले नाहीत. तरीही बाटल्या, पुठ्ठा, लोखंड फारसं वाया जात नाही, कारण रद्दीवाला दारात येऊन वर पैसे देतो आणि कचरावेचक उरलेलं हाताने वेगळं करतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची आणि त्यातून आलेली स्वच्छ ही सहकारी संस्था, त्यांनी या कामाला ओळखपत्र आणि दर मिळवून दिला. घराने एवढं तरी करावं: सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी, फुटलेली काच वेगळ्या खोक्यात द्यावी. हात कुणाचे तरी असतात.

उंबरठा:
अवांतर: पैशांच्या देवघेवीत आपण पुढे आहोत. २०१६ मध्ये यूपीआय आलं, ब्राझीलमध्ये २०२० मध्ये तशीच पिक्स ही सेवा. अमेरिकेत घरभाड्याचा चेक अजून चालतो आणि बँकेतून बँकेत साधी रक्कम जायला एक ते तीन दिवस लागतात. तात्काळ हस्तांतराची फेडनाऊ सेवा जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, तीही सगळ्या बँकांत नाही.

हिशेबनीस:
अवांतर नाही हे. जिथे जुनी यंत्रणा बरी चालते तिथे नवी आणायची घाई नसते; जिथे जुनी धड नव्हती तिथे थेट नव्यावर उडी मारता येते. पाईपबाबत ही उडी मारता येत नाही, कारण पाईप जमिनीत पुरलेला असतो.

कोरा_कागद:
माझ्या मूळ मांडणीत दुरुस्ती करतो. जे काम पाईप आणि तार करू शकते ते श्रीमंत देशात यंत्रणेकडे गेलंय, आणि जे हातांनीच करावं लागतं ते घरात राहिलंय. आपल्याकडे बरोबर उलट: हात स्वस्त म्हणून हातांचं काम घराबाहेर गेलं, आणि पाईप-तारांचं काम घरात आलं.

शेवंती:
त्यात एक भर. ज्या घरात मोटर आणि टाकी घ्यायची ऐपत नाही, तिथे पाईपचं कामही हातांनीच होतं, हंड्याने. १३५ लिटर म्हणजे प्रत्येक माणसामागे १५ लिटरचे नऊ हंडे. पाच माणसांचं घर असेल तर पंचेचाळीस. एवढं कुणी भरू शकत नाही, म्हणून त्या घरात पाण्याचा वापरच कमी असतो आणि तो कमी झाला की सगळ्यात आधी हात धुणं कमी होतं.

कोरा_कागद:
हे माझ्या वाक्यात बसत नव्हतं. धन्यवाद.

तिसरा_मजला:
पहिल्या प्रश्नाकडे परत. समजा भागात चोवीस तास पाणी आलं. मग टाकी काढून टाकायची का? आणि वरच्या मजल्यावर शॉवरला दाबच नसतो, त्याचं काय?

जलसंधी:
दाबाचं गणित सोपं आहे. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार. गच्चीवरची टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर ०.३ बार मिळतो, आणि चांगल्या शॉवरला १ बारच्या आसपास लागतो. तळमजल्यावर शॉवर जोरात आणि सगळ्यात वर रिपरिप, ते यामुळे. तिथे बादली-तांब्या हा शहाणपणाचा उपाय आहे, नाहीतर टाकीखाली प्रेशर पंप.

टाकी लगेच काढू नका. १९९९ च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घराला नळाशी ७ मीटर, दुमजलीला १२ आणि तीन मजल्यांना १७ मीटर दाब धरला होता. त्याहून उंच इमारतीला हौद-मोटर लागणारच, ती परदेशातल्या उंच इमारतींनाही लागते. सुरुवात स्वयंपाकघरातल्या एका नळापासून करा. मीटरनंतर टी-जोड बसवून एक वेगळी लाइन थेट ओट्याच्या नळाला न्या. या लाइनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर बाहेरचा दाब पडला की घरातलं पाणी उलट सार्वजनिक वाहिनीत जाईल. टाकीची लाइन आणि ही लाइन घरात कुठेही जोडू नका, मध्ये चावी ठेवून सुद्धा नाही. चावी कधीतरी उघडी राहते.

मग त्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते रोज आठवडाभर तपासा. तपासणी किटचे थेंब टाकले की पिवळा किंवा गुलाबी रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. ०.२ मिलिग्रॅम किंवा जास्त दिसलं पाहिजे. हीच तपासणी गच्चीवरच्या टाकीच्या नळावर करा. फरक डोळ्यांना दिसेल.

तिसरा_मजला:
एनआरव्ही उभ्या पाईपवर चालेल का?

मीटरवाचक:
स्प्रिंगचा असेल तर कसाही चालतो. पाकळीचा असेल तर आडवा, किंवा पाणी खालून वर जातं अशा उभ्या पाईपवर. वरून खाली येणाऱ्या पाईपवर पाकळी उघडीच लटकते. अंगावर बाण कोरलेला असतो, तो मीटरकडून नळाकडे आला पाहिजे. घट्ट करण्याआधी एकदा बॅटरी मारून बघा, सिमेंटच्या शिंतोड्यांत तो बाण झाकला जातो.